उरलेलं एक वाक्य

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
२० नोव्हेंबर १९९४

प्रिय सुमित्रावन्संना भानुमतीचा नमस्कार.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली. तिसऱ्यात तुम्ही मला चांगलंच फैलावर घेतलंय, तेही मिळालं. दवाखाना, घर, पुन्हा दवाखाना, यात पेन हातात धरायला सवड झाली नाही, एवढंच. तुमच्यापासून काही लपवायचं नव्हतं.

तर, तुमच्या दादांना घरी आणलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात फाइल काढता काढता ते खाली बसले, हे निखिलने तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. उजवा पाय आता ओढत का होईना, चालतो. काठी घेतली आहे. उजवा हात अजून आळशी आहे. चमचा डाव्या हातात धरतात आणि वरण शर्टावर सांडलं की माझ्याकडे असं बघतात, जणू मीच सांडलं. म्हणजे स्वभाव शाबूत आहे.

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो दाखवला. डाव्या बाजूला जिथे माणूस शब्द शोधतो, जुळवतो आणि तोंडाकडे पाठवतो, नेमका तिथलाच रक्तपुरवठा तुटला होता म्हणाले. कान चांगले आहेत, ऐकलेलं बरंचसं कळतं, पण मनातलं तोंडापर्यंत पोचत नाही. वेळ लागेल म्हणतात. बोलतात थोडंफार. परवा शेजारचे ग्रोव्हर भेटायला आले, तर त्यांना स्वच्छ 'आप बैठिए' म्हणाले. ग्रोव्हरांना इतका आनंद झाला की ते मग उठेचनात.

निखिल नोएडाच्या त्या नव्या कंपनीत फोटोकॉपीची मशिनं विकतोय. सकाळी टाय लावून स्कूटरवर जातो, रात्री दमून येतो. गाझियाबादच्या आपल्या फ्लॅटचा ताबा मार्च-एप्रिलपर्यंत मिळेल असं सोसायटीवाले म्हणतात. हे ते पाच वर्षं म्हणतायत.

तुम्ही आत्ता येऊ नका. इथली थंडी तुमच्या दम्याला झेपायची नाही. सगळं ठीक आहे.

तुमची,
भानुमती


वाई
२ डिसेंबर १९९४

प्रिय वहिनी,

'सगळं ठीक आहे' असं तू लिहिलंस की मी समजते, काहीच ठीक नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी तुला टायफॉइड झाला होता, तेव्हाही तू हेच लिहिलं होतंस.

दादा बोलला हे वाचून देवापुढे साखर ठेवली. पण मग पत्र पुन्हा वाचलं. 'आप बैठिए'? हिंदीत? मराठी काय बोलतो ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवली आहे, गाळलेल्या जागा मला पटकन दिसतात.

माझं मत सांगते. सत्तावीस वर्षं त्याच्या डोक्यावर दिल्लीची हिंदी बसली आहे. ऑफिसात हिंदी, बसमध्ये हिंदी, भाजी घेताना हिंदी. आईची भाषा सगळ्यात तळाशी असते गं, आणि तळाचं कधी जात नाही. वरचं बाजूला केलं की ती आपोआप वर येईल. तेव्हा आजपासून घरात हिंदी बंद. ग्रोव्हरांशी जिन्यात बोल. निखिललाही सांग. तो मला फोनवर 'आत्या, बिल्कुल फिकर करू नको' म्हणाला, तेव्हाच मला कळलं घरात काय चाललंय ते.

सोबत एक कॅसेट पाठवते आहे. माझ्या आवाजात आहे. पाढे म्हटलेत, रामरक्षा म्हटली आहे, आमच्या गल्लीतल्या माणसांची नावं घेतली आहेत आणि आम्ही दोघांनी मिळून गणपती घाटावर केलेले उद्योग सांगितलेत. मध्येच शेजारच्या कोंबड्याने तोंड घातलंय, त्याकडे लक्ष देऊ नको. रोज सकाळ-संध्याकाळ लाव आणि काय होतं ते कळव. नीट, सगळं कळव.

तुझी,
सुमित्रा


सरोजिनी नगर
२१ डिसेंबर १९९४

प्रिय वन्सं,

आता सगळं लिहिते. तुम्ही दम्याचा पंप जवळ घेऊन बसा.

तुमच्या दादांकडे एकच वाक्य उरलंय. 'आप बैठिए, आपका काम हो जाएगा.' बस्स, एवढंच. भूक लागली तरी तेच, अंघोळीचं पाणी गार असलं तरी तेच, डास चावला तरी तेच. पेन्शनच्या खिडकीवर अडलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ते सत्तावीस वर्षं हे सांगत आले. किती हजार वेळा म्हणाले असतील देव जाणे. डोक्यातलं सगळं वाहून गेलं आणि हे तेवढं खडकासारखं राहिलं. मी तुम्हाला 'बोलतात थोडंफार' लिहिलं, ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

तुमची कॅसेट लावली. तुमचा आवाज ऐकून ते ढसाढसा रडले. मग तुम्ही 'बे एके बे' सुरू केलंत आणि वन्सं, काय सांगू, हे तुमच्याबरोबर म्हणायला लागले! बे दुणे चार, बे त्रिक सहा, थेट बे दाहे वीस. एक अक्षर अडलं नाही. निखिल दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला. मी म्हटलं, संपलं संकट. टेप बंद केला आणि विचारलं, 'बे चोक किती हो?' माझ्याकडे बघितलं, ओठ हलले, कपाळावर घाम आला. आणि मग, 'आप बैठिए, आपका काम हो जाएगा.'

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक मुलगी आहे, मिस कोहली. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, आंटी, पहाड़ा तो एक ही धागा है, सिरा मिला तो पूरा खुल जाता है. पाठ झालेलं म्हणणं वेगळं आणि हजार शब्दांतून हवा तो एक उचलणं वेगळं. दोन्हींच्या जागा डोक्यात वेगवेगळ्या असतात म्हणे. यांची पहिली शाबूत आहे, दुसरी कोलमडली. त्यामुळे तुमचं ते तळाचं आणि वरचं मला काही पटत नाही. मराठी गेली आणि हिंदी राहिली असं झालेलं नाही. दोन्ही गेल्या. घोकलेलं तेवढं राहिलं.

आता खरं दुखणं लिहिते. मिस कोहलीने माझा फोटो यांच्यापुढे धरला. 'अंकल, ये कौन हैं?' हे फोटोकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा फोटोकडे. तिने हळूच विचारलं, 'आपकी वाइफ हैं?' यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते तिलाही कळेना. हो आणि नाही यांचाही गोंधळ होतो म्हणाली. आणि मग माझ्याकडे तोंड करून, अगदी शांतपणे, 'आप बैठिए, आपका काम हो जाएगा.'

वन्सं, हे मला 'आप' म्हणतात. जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारणारा माणूस. मी खिडकीपुढे उभी असलेली कुणी बाई आहे का यांना? मी तिला सरळ विचारलं, बेटा, हे मला ओळखतात का? ती म्हणाली, पता नहीं आंटी, इनसे पूछने का कोई तरीका ढूँढना पड़ेगा.

तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत नाही. पोळी तव्यावर ठेवते आणि बाहेर येऊन यांच्याकडे बघते. पुन्हा आत जाते, पोळी करपलेली असते. काल तीनदा दाराची कडी काढून लावली. स्वतःच्याच घरात मी पाहुणी आहे की काय असं वाटतं.

निखिल म्हणतो, आई, यार, जरा प्रॅक्टिकली बघ ना. प्रॅक्टिकली बघणं म्हणजे काय ते मला कुणी तरी सांगा.

भानुमती


वाई
५ जानेवारी १९९५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून दिवसभर जेवले नाही. आता मी ठरवलंय आणि मला अडवायचं नाही. मी येते आहे. परतीची तीन तिकिटं काढली आहेत, तुझं, दादाचं आणि माझं. संक्रांत झाली की निघते. महिनाअखेरीस आपण तिघं वाईत.

निखिलने मला सविस्तर पत्र लिहिलं होतं, हे तुला त्याने सांगितलेलं दिसत नाही. तो म्हणतो, बाबा कुणालाच ओळखत नाहीत, मग ते सरोजिनी नगरात असले काय आणि वाईत असले काय. रजा संपली की क्वार्टरही सोडावं लागेल. गाझियाबादच्या फ्लॅटच्या खिडक्यांना अजून काचा नाहीत. तो दिवसभर बाहेर, आणि तू एकटी किती दिवस पुरणार? पोराचं चुकलं नाही.

त्या मिस कोहलीच्या धाग्याबिग्याचं मला ठाऊक नाही. पण माणूस जिथे बोलायला शिकला तिथे त्याला नेऊन बसवावं, एवढं मला कळतं. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, अंगण आहे, सकाळी ऊन येतं. दत्ताच्या देवळातले त्याचे सवंगडी अजून जिवंत आहेत. निदान मराठीत गप्प बसेल.

आणि त्या फोटोचं फार मनाला लावून घेऊ नको. दादाने तुझं नाव कधी घेतलंय का? लग्नात घास भरवताना सगळ्यांनी नाव घ्या, नाव घ्या म्हणून धरलं, तर हा पाटावरून उठून पळाला होता. आमचे मामा त्याला मांडवाच्या दारातून धरून घेऊन आले. शेवटपर्यंत घेतलं नाही ते नाहीच. मला लिहायचा तेही 'घरात सगळं ठीक' असंच. म्हणजे तू त्याला 'घरात' होतीस! तर त्या मुलीने नेमकं तेच विचारलं जे त्याने चांगल्या दिवसांतही सांगितलं नसतं.

पण ओळखत असेल तर वाईतही ओळखेल. नसेल तर इथे ओळखायला लागेल. कपडे बांधायला घे.

सुमित्रा


वाई
३ फेब्रुवारी १९९५

वहिनी,

मी सुखरूप पोचले. एकटी पोचले, हे तुला ठाऊकच आहे.

राग ओसरल्यावर लिहीन म्हटलं होतं, पण तो ओसरायची चिन्हं नाहीत. निजामुद्दीनच्या फलाटावर काय झालं ते मी गाडीत मनात पुन्हा पुन्हा फिरवून बघितलं. सामान चढलं होतं. मी डब्याच्या दारात उभी राहून दादाला वर घ्यायला हात पुढे केला होता. निखिल त्याला मागून आधार देत होता. आणि दादाने काठी फलाटावर रोवली, तुझा पदर मुठीत धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, 'आप बैठिए, आपका काम हो जाएगा.'

तेच वाक्य, जे मी तुमच्या घरी आठ दिवस उठता-बसता ऐकलं. दूधवाल्याला, कॅलेंडरला, मला. आणि तू त्या वाक्यावर विसंबून निखिलला म्हणालीस, 'सामान उतरव, यांना जायचं नाहीये.' गाडी सुटायला आलेली, हमाल ओरडतायत, आणि तू शांतपणे होल्डॉल खाली घेतलास.

वहिनी, पोपटाला एक वाक्य येत असेल, तर तो खरंच विठू विठू करून देवाला बोलावत असतो का? तूच मला लिहिलंस की तो भुकेलाही तेच म्हणतो आणि डासालाही. मग फलाटावरच त्याला अर्थ कुठून आला? मला विचारशील तर तो अर्थ तुझा होता. तुला दिल्ली सोडायची नव्हती. तुला तुझा बाजार, तुझी ग्रोव्हरीण, तुझं गाझियाबाद हवं होतं. भाऊ माझा आहे, आणि त्याच्या तोंडून तू बोललीस.

हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण लिहिल्याशिवायही वाटत नव्हतं.

सुमित्रा


सरोजिनी नगर
१४ फेब्रुवारी १९९५

वन्सं,

तुमचं पत्र मी दोन दिवस पिठाच्या डब्यावर ठेवलं होतं. जाता-येता त्याला शिव्या देत होते. आता उत्तर देते.

वाई मला नको होती, हे खरं आहे. तुमच्या अंगणात मी पाहुणी झाले असते आणि हे आजारी पाहुणे. इथे यांना कोपऱ्यावरचा पानवाला सलाम करतो, बाजारातली लहान पोरं 'अंकल' म्हणून काठी पकडतात. पण मला वाई नको होती म्हणून मी होल्डॉल उतरवला नाही. मी यांचं ऐकलं म्हणून उतरवला.

तुम्ही आठ दिवस वाक्य ऐकलंत, चाल ऐकली नाहीत. मीही सुरुवातीला ऐकली नव्हती. शब्द सारखेच आहेत, म्हणून आपण ऐकायचं सोडून देतो. पण दूधवाल्याला हे ते वाक्य सपाट म्हणतात. निखिल स्कूटर काढतो तेव्हा शेवट वर जातो, 'हो जाएगाऽ?' म्हणजे लवकर ये. चहात साखर कमी असली की पहिलाच शब्द जोरात आपटतात. हे सगळं मराठी आहे, वन्सं. 'अगं साखर कुठाय' ची चाल मला ठाऊक नाही का? शब्द गेले, चाल गेली नाही. मिस कोहलीलाही मी हे सांगितलं. ती म्हणाली, होतं असं, सुरांचं काम बरंचसं मेंदूची दुसरी बाजू बघते आणि ती यांची चांगली आहे.

फलाटावर यांनी जी चाल लावली ती मला पाठ आहे. माझी आई गेली तेव्हा मी सामान बांधताना रडत होते. यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाले, 'अगं, राहू दे. मी बघतो.' तीच चाल. तुम्हाला तर ते गाडीत नीट बसायला सांगत होते.

पण आता जे लिहिते ते मी फक्त तुम्हालाच लिहू शकते. त्या दिवसापासून मला शंका खाते. चाल मी ऐकली, की मला हवी होती म्हणून ऐकू आली? माणूस बोलतो थोडं, आणि ऐकणारा उरलेलं स्वतःच्या पदरचं घालून पुरं करतो. एरवी समोरचा म्हणतो, छे, मला तसं म्हणायचं नव्हतं. यांना तेवढंही म्हणता येत नाही. मी चुकले असेन तर मला चुकले म्हणून सांगणारं कुणीच नाही. हा विचार आला की मी उठते, भांडी पुसते, परत बसते, परत उठते. निखिल म्हणतो, आई, प्लीज एका जागी बस. मला बसवत नाही.

मिस कोहलीने आता नवीन काम दिलंय. यांचं वाक्य तोडायचं. मी यांचा डावा हात धरते आणि शब्दागणिक टेबलावर ठोका देते. 'आप', ठोका. 'बैठिए', ठोका. आणि हात घट्ट धरून थांबवायचं. ती म्हणते, आंटी, जिस दिन ये बीच में रुक गए, उस दिन समझिए ये बोल रहे हैं. म्हणजे पुढचं आपोआप घसरत न जाता मध्ये थांबता आलं, तर ते घोकलेलं नाही, बोललेलं. आजवर एकदाही थांबलेले नाहीत. शेवटच्या 'गा' पर्यंत गेल्याशिवाय गाडी थांबतच नाही. रोज सकाळी आम्ही दोघं टेबल बडवतो. ग्रोव्हरीण विचारत होती, तबला शिकताय का.

थांबले तर मी बरोबर होते. नाही थांबले, तर तुम्ही येऊन यांना घेऊन जा. मी फलाटावर पदर सोडवून घेईन.

भानुमती


वाई
१ मार्च १९९५

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं आणि मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले होते. चार कागद फाडले.

एक गोष्ट मी तुला रागाच्या पत्रात लिहिली नाही. गाडीच्या दारात मी उभी होते, हात पुढे केलेला. दादाने ते वाक्य म्हटलं आणि मी बसले. आत जाऊन, खिडकीपाशी, माझ्या जागेवर. गाडी हलल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बसलेली आहे. लहानपणी नदीच्या पाण्यात मी पुढे पुढे जायला लागले की तो काठावरून एकदाच ओरडायचा, आणि मी काही विचार न करता मागे फिरायची. अगदी तस्संच.

ते पोपटाचं वाक्य होतं, तर मी का बसले? रात्रंदिवस हेच मनात घोळतंय. म्हणून तर राग जास्त आला.

तेव्हा तू म्हणतेस तसा पदर वगैरे सोडवायचा नाही. तो थांबला तर लिही. नाही थांबला तरी लिही. मी पुन्हा कॅसेट करून पाठवते आहे, या खेपेला पाढे नाहीत. नुसत्या गप्पा आहेत, आणि प्रत्येक वाक्य मी मध्येच सोडलंय. त्याला पुरं करायचं तर करू दे. कोंबडा याही वेळी आहे.

तुमच्या टेबलाचे पाय सांभाळा.

तुझी,
सुमित्रा


सरोजिनी नगर
३ एप्रिल १९९५

प्रिय वन्सं,

पाडवा गाझियाबादला झाला. हो, ताबा मिळाला! काचा बसल्या, नळाला पाणी आलं, लिफ्टचं मात्र नुसतं दार आलंय. निखिल म्हणाला, पाडव्याला गुढी नव्या घरी उभारू, दूध उतू घालवू, मग सामान सावकाश आणू. आपल्या सोसायटीत सगळी मराठी मंडळीच आहेत, पण अजून कुणी राहायला आलेलं नाही. आजूबाजूला नुसते खांब आणि विटांचे ढीग. दुसऱ्या मजल्यापर्यंत यांना आम्ही पायरी पायरीने चढवलं. बसायला काहीच नव्हतं, तर खालच्या चौकीदाराने आपली खुर्ची वर आणून दिली. यांना त्या खुर्चीवर बसवलं, बाल्कनीकडे तोंड करून.

मी स्टोव्ह पेटवला, दुधाचं पातेलं ठेवलं. आणि मग मला तर तुम्ही ओळखताच. काठीला खण बांधायचा, साखरेची गाठी विसरली की काय ते पिशवीत बघायचं, लिंबाचा पाला धुवायचा, निखिल खाली हार आणायला गेला त्याला वरून ओरडायचं. आत-बाहेर, आत-बाहेर. रिकाम्या घरात माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. दीड महिना टेबल बडवून काही झालं नव्हतं. मनात सारखं तेच होतं, की आता या घरात राहायचं कुणी, मी आणि मला 'आप' म्हणणारा एक माणूस?

मी खुर्चीजवळून पुढे जात होते, तेवढ्यात यांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. 'आप बैठिए,' म्हणाले.

मी उरलेल्याची वाट बघितली. उरलेलं आलं नाही.

वन्सं, हे थांबले. यांचे ओठ पुढच्या शब्दाकडे निघाले होते, ते मला दिसलं, आणि यांनी ते मिटून घेतले. डाव्या हाताने खुर्चीच्या हातावर दोन ठोके दिले, आम्ही टेबलावर देतो तसे, आणि तिसऱ्या ठोक्याला हात वरच धरून ठेवला. कपाळावरच्या शिरा फुगल्या होत्या. चार शब्द कमी झाले म्हणून देवापुढे हात जोडणारी मी जगातली पहिलीच बाई असेन.

मी बोलले असते तर धागा तुटला असता. तशीच उभी राहिले. यांनी पुन्हा तोंड उघडलं. 'आप' म्हणायला गेले आणि मान हलवली. नको, हा नाही, असं. पुन्हा एकदा, पुन्हा मान हलवली. मी यांना इतकी वर्षं ओळखते, पण एक शब्द टाकून दुसरा शोधताना माणूस कसा दिसतो ते मी कधी बघितलं नव्हतं. आपण सगळेच दिवसभर तेच करत असतो, पण इतकं झटकन करतो की दिसतच नाही. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे, सावकाश चाललं होतं. जड फर्निचर जिन्यातून वर चढवतात ना, तसं.

आणि मग पदर ओढून म्हणाले, 'बैस.'

अगदी पूर्वीसारखं. थोडं वैतागून.

जगाला सांगायचं तर 'आप बैठिए' पुरतं. 'बैस' म्हणायला माणूस आपलं लागतं. यांनी मला ओळखलं की नाही हे मी आता मिस कोहलीला विचारणार नाही. माझं नाव यांनी घेतलेलं नाही आणि घेणारही नाहीत. मांडवातून पळालेला माणूस, त्याच्याकडून मी आता काय अपेक्षा करू?

दुसरी खुर्ची नव्हती. मी यांच्या पायापाशी, सिमेंटने माखलेल्या फरशीवर पेपर पसरला आणि बसले. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा नीट बसले, वन्सं. उठावंसंच वाटेना. निखिल हार घेऊन वर आला, तोवर स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला होता.

'आई, दूध!' तो ओरडला.

मी म्हटलं, उतू जाऊ दे. उतू जायलाच ठेवलंय.

तुमची,
भानुमती